गाडी पळवण्याआधी



तर्कशास्त्र शिकवणारा एक प्राध्यापक आज शर्यतीच्या मार्गावर पळणाऱ्या मोटारीविषयी बोलणार आहे, हे ऐकून तुमच्यापैकी काहींना हसू आले असेल. माझ्या विद्यार्थ्यांनाही आले होते. सायकलची उतरलेली साखळी बसवता येते, यापलीकडे यंत्रांच्या बाबतीत माझी मजल कधी गेली नव्हती. पण मागे एका उन्हाळ्याच्या सुटीत मी महिनाभर इंग्लंडमध्ये माझ्या भाच्याकडे राहिलो. त्या महिन्यात एका लहानशा, दोन माणसांच्या गाडीने मला जे शिकवले, ते अठरा वर्षे वर्गात शिकवूनही मला पुरतेपणी उमगले नव्हते. ती हकीकत आज सांगतो. तिच्यात थोडे यंत्रशास्त्र येईल, थोडे तर्कशास्त्र येईल, आणि एक कबुलीही येईल.

प्रथम हा प्रकार काय आहे ते सांगितले पाहिजे. इंग्लंडात सार्वजनिक रस्त्यावर गाडी वाटेल तशी पळवता येत नाही. कायदा कडक आहे, आणि तो असावाच. मग ज्याला वेगाची हौस आहे त्याने काय करायचे? त्याने शर्यतीचा बंदिस्त मार्ग एका दिवसासाठी खुला होतो तेथे पैसे भरून जायचे. याला ‘ट्रॅक-डे’ म्हणतात. ही शर्यत नसते, बरं का. नंबर लागत नाही, वेळ मोजली जात नाही, बक्षीस नाही. पुढच्याने वाट दिल्याशिवाय मागच्याने पुढे जायचे नाही. सकाळी सर्वांना बसवून नियम समजावून सांगतात. पिवळा बावटा दिसला की पुढे धोका आहे, सावकाश चला. तांबडा दिसला की सर्वांनी वेग उतरवून परत या. काळा बावटा तुम्हाला दाखवला, तर तुमच्यात किंवा तुमच्या गाडीत काही बिघाड आहे, आत या. डोक्यावर हेल्मेट असल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत. आणि रस्त्यासाठी काढलेला गाडीचा विमा तेथे बहुधा चालत नाही. मोडली तर आपली मोडली.

या मार्गांचा इतिहासही गमतीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने आपल्या शेताशिवारांतून शेकडो विमानतळ बांधले. १९४५ साली युद्ध संपले, विमाने गेली आणि काँक्रीटच्या धावपट्ट्या व त्यांच्याभोवतीचे रस्ते तेवढे उरले. काही जागी पुन्हा शेती झाली, काही जागी मोटारी धावू लागल्या. सिल्व्हरस्टोन हे आज जगप्रसिद्ध नाव आहे. पण १९४३ साली तो बाँबफेकी विमानांचा तळ होता आणि १९४८ साली तेथे पहिली मोठी शर्यत झाली. गुडवुडचा मार्गही त्याच वर्षी एका लष्करी विमानतळाच्या कडेच्या रस्त्यावर सुरू झाला. आपल्या देशातही चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे, कोइमतूरजवळ आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोइडा येथे असे मार्ग आहेत. आम्ही गेलो तो मार्ग मात्र इंग्लंडातला, अशाच एका जुन्या विमानतळावरचा. सपाट, उघडा, आणि वारा म्हणाल तर टोपी उडवून नेणारा.

आता गाडी. भाच्याने जुनी माझदा एमएक्स-५ घेतली होती, पहिल्या पिढीची. जपानातल्या हिरोशिमा येथील कारखान्याची ही गाडी १९८९ साली बाजारात आली. वर उघडे छप्पर, पुढे सोळाशे सी. सी.चे साधे इंजिन, ताकद मागच्या चाकांना, आणि वजन जेमतेम साडेनऊशे ते हजार किलो. किंमत आवाक्यातली आणि बांधणी सरळ, त्यामुळे तिने जगभर लोकांना लळा लावला. २०१६ साली या नावाच्या दहा लाख गाड्या पुऱ्या झाल्या. उघड्या छपराच्या, दोन आसनांच्या हौशी गाड्यांत एवढा खप दुसऱ्या कोणत्या गाडीचा झालेला नाही.

भाच्याने त्या गाडीत थोडे फेरफार केले होते. स्प्रिंगा जराशा आखूड आणि कडक बसवल्या होत्या, धुराचे नळकांडे मोठे केले होते, हवेची जाळी बदलली होती. स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या दारावर त्याने पुढच्या कामांची यादी लावून ठेवली होती. मी ती वाचली. सगळी कामे एकाच प्रकारची होती: इंजिनाची ताकद वाढवण्याची. मी विचारले, “अरे, या यादीत थांबण्याविषयी काहीच कसं नाही?” तो हसून म्हणाला, “मामा, ब्रेक तर आहेतच की!”

पहिल्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसलो. पहिल्या दोन फेऱ्यांत मी दाराची कडी घट्ट धरून होतो. पुढे जरा धीर आला. सकाळचे दोन डाव छान झाले. तिसऱ्या डावात, लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, उजवे वळण जवळ आले आणि भाच्याने ब्रेकवर पाय दिला. पाय थेट तळाला गेला! गाडी काही थांबेना. “मामा, ब्रेक लागत नाहीये!” एवढेच मी ऐकले. त्याने पाय उचलून पुन्हा पुन्हा दाबला, गिअर उतरवला, तेव्हा थोडा वेग कमी झाला. पण वळण हुकले. गाडी गवतात शिरली, घसरत घसरत गेली, आणि समोर रचलेल्या टायरांच्या भिंतीपासून दोन हातांवर उभी राहिली.

आम्ही दोघे काही वेळ बोललोच नाही. मग तो म्हणाला, “आईला हे सांगायचं नाही हं, मामा.” आणि मी, वडीलधारा माणूस, मान हलवून बसलो. आज ही गोष्ट रेडिओवरून सांगतो आहे, म्हणजे ती ताईच्या कानांवर जाणारच. तिने मला रागवावे. ती रागावण्याजोगीच गोष्ट आहे.

आता झाले काय होते? हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण तुमच्या मोटारसायकलला, जीपला, गावच्या टेंपोलाही ते लागू आहे.

धावती गाडी म्हणजे साठवलेली शक्ती. वेग दुप्पट झाला की ही शक्ती चौपट होते. आम्हा दोघांसकट गाडीचे वजन अकराशे किलो धरा. ताशी १४४ किलोमीटरवरून ती ताशी ७२ वर आणायची, म्हणजे सुमारे ६६० किलोज्यूल शक्ती कोठेतरी घालवायची. ती जाते ब्रेकमध्ये, उष्णता होऊन. एवढ्या उष्णतेत दोन लिटर गार पाण्याला उकळी येईल. चुलीवर त्याला किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे ते काम दोन-तीन सेकंदांत होते, आणि दर फेरीत पाच-सहा वेळा होते. ब्रेकला निवायला सवड कोठली?

आपण पायाने जो जोर देतो तो नळीतल्या ब्रेक-ऑइलमधून चाकापर्यंत पोचतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून जोर जसाच्या तसा पुढे जातो. पण या तेलाला एक खोड आहे: ते हवेतला ओलावा शोषून घेते. ज्या प्रकाराला ‘डॉट ४’ म्हणतात, ते ताजे असताना निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच हमी १५५ अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते. मग पायाचा सगळा जोर बुडबुडे चेपण्यातच संपतो आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. आमचे तसेच झाले होते. तेथे एक वयस्क शिक्षक होते, नवख्यांना गाडी शिकवणारे. त्यांनी एकच प्रश्न विचारला: ब्रेक-ऑइल केव्हा बदलले होते? भाच्याला सांगता येईना. गाडी घेतल्यापासून त्याने ते बदललेच नव्हते. मोठे नळकांडे मात्र आठवणीने बसवले होते.

आपल्याकडे खंबाटकीच्या घाटात एस.टी.चा जाणता ड्रायव्हर उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतो, ती याचसाठी. ब्रेकवर पाय ठेवून बसलेला माणूस वर ठीक असतो. खाली पोचेपर्यंत ब्रेक त्याचा राहत नाही.

घरी परतल्यावर फ्रिजवरची यादी उतरवली गेली. नवी यादी लिहिली. तिच्यात सर्वांत वर ब्रेक: नवे तेल, जास्त उष्णता सोसणारे पॅड, नळ्यांची तपासणी. दुसरे टायर. तिसरे चाकांचा कल. आणि इंजिन अगदी शेवटी, तेही फक्त तेलाची पातळी आणि रेडिएटरचे पाणी पाहण्यापुरते. वळणांवर इंजिनातले तेल एका बाजूला सरकते, म्हणून पातळी कमी असून चालत नाही. डिकीतली स्टेपनी, जॅक आणि सुटे सामान त्या दिवसापुरते काढून ठेवायचे हेही लिहिले. वजन कमी झाले की गाडी लवकर पळते, लवकर थांबते आणि टायरही कमी झिजतात. आणि यासाठी एक पैसाही लागत नाही.

टायरचे थोडे अधिक सांगतो. गाडी रस्त्याला टेकते ती चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण आपल्या पंजाएवढीच. थांबणे, वळणे, पळणे, सगळे या चार पंजांवर. पहिल्या दिवशी आम्ही सकाळी गार टायरांत २६ पौंड हवा भरली होती, रस्त्यावर असते तेवढी. डाव संपवून आल्यावर मोजली तर ३३! हवा कोणी भरली? कोणीच नाही. टायर तापला, आतली हवा तापली, दाब वाढला. उन्हात ठेवलेल्या सायकलचा ट्यूब फुटतो, त्यातलाच हा प्रकार. दाब वाढला की टायर मध्ये फुगतो, कडा उचलल्या जातात आणि पंजाचा तळवा लहान होतो. म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही २३ पौंडांनी सुरुवात केली, म्हणजे तापल्यावर तो ३०च्या जवळ जावा. मात्र घरी निघताना पुन्हा २६ भरायची हे विसरता कामा नये. कमी हवेने हमरस्त्यावर लांब जाणे धोक्याचे आहे.

पहिल्या दिवसानंतर टायर पाहिले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. पुढच्या टायरांची बाहेरची कड खरवडून निघाली होती, आतली जवळजवळ नवी. याचे कारण असे: वळणावर गाडी बाहेर कलते आणि तिच्याबरोबर बाहेरचे चाकही वरून बाहेर कलते. सगळा भार कडेवर येतो. त्यावर उपाय म्हणजे चाकाला आधीच थोडा उलटा कल देऊन ठेवायचा, वरचे टोक किंचित आत. गाडी कलली की चाक सरळ होते आणि टायरचा पुरा तळवा जमिनीवर बसतो. आम्ही गॅरेजमध्ये जाऊन पुढच्या चाकांना दोन अंश कल दिला. हा कल बदलला की चाकांची समोरची दिशाही बिघडते, तेव्हा तीही लगेच जुळवून घ्यावी लागते. नाहीतर शंभर मैलांत टायर खाऊन टाकते.

इथवर सारे ठीक होते. पण तरुण माणूस! दुसऱ्या दिवसाच्या आदल्या रात्री भाच्याने आणखी एक काम उरकले. गाडी वळणावर फार कलू नये म्हणून दोन चाकांना जोडणारी एक पोलादी कांब असते. मागची कांब काढून त्याने जाड बसवली, आणि तीही तिच्या सर्वांत कडक भोकात.

सकाळी पहिल्या डावात गाडीची शेपटी नाचू लागली. वळण घेतले की मागची चाके बाहेर पळायची. ब्रेक मात्र उत्तम होते, हे नशीब. आत येऊन भाचा म्हणाला, “हवा कमी झाली असेल. नाहीतर चाकांचा कल चुकला. किंवा कांब.” आणि तिन्ही एकदम पूर्ववत करायला निघाला.

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हटलं, “थांब. तिन्ही बदललंस आणि गाडी सुधारली, तर दोष कशाचा होता हे तुला कळणार कसं?”

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली तर्कशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. कारण शोधण्याच्या त्याने ज्या पद्धती सांगितल्या, त्यांतली एक व्यतिरेक-पद्धती. मी ती दर वर्षी फळ्यावर लिहितो. दोन प्रसंग घ्या. बाकी सर्व सारखे, फक्त एका गोष्टीत फरक. परिणामातही फरक पडला, तर ती गोष्टच कारण, किंवा कारणाचा भाग. मुले ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्यांचा दोष नाही. मी स्वतः तरी कोठे कधी वापरली होती?

आम्ही दोनशे पानी वही उघडली. एका डावात एकच बदल, असे ठरले. हवा तीच, कल तोच. पान्याने फक्त कांब मऊ भोकात आणली. भाचा पाच फेऱ्या मारून आला तो हसतच. शेपूट शांत झाली होती. कारण सापडले. मागून मला त्याचा उलगडाही झाला. बैलजोडीत जू एका बैलाकडे झुकले, तर तो दमतो, दुसरा मोकळा चालतो, आणि जोडीची ओढ एकूण कमी पडते. कडक कांबेने मागच्या बाहेरच्या चाकावर फार भार टाकला, आतले हलके झाले, आणि दोघांची मिळून पकड घटली.

मग हवेची पाळी. येथे माझा आणखी एक उपयोग झाला. माझ्या कोटाच्या खिशात खडू होता. तो कोठेही जाताना असतोच. टायरच्या कडेवरून बाजूपर्यंत मी खडूच्या रेघा ओढल्या. चार फेऱ्यांनंतर पाहायचे, रेघ कोठवर पुसली गेली. कडेवरच थांबली तर ठीक. बाजूच्या भिंतीवर उतरली, तर टायर आडवा लोळतो आहे, हवा वाढवा. कडेपर्यंत पोचलीच नाही, तर हवा जास्त आहे. शेजारच्या गाड्यांचे लोक कुतूहलाने पाहत होते. पण ही युक्ती त्यांनाही ठाऊक होती, इतकी ती जुनी आहे. आमच्या रेघा कडेवरच थांबल्या. वहीत आकडा लिहिला: गार २३, गरम ३०.

दुपारी ढग आले आणि रस्ता ओला झाला. भाच्याला अजून एक प्रयोग करायचा होता. मी वही मिटली. रस्ताच बदलला, मग सकाळशी तुलना कसली? बाकी सर्व सारखे असेल तरच एका फरकाला अर्थ.

एक गोष्ट राहिली, ती म्हणजे चालवणारा. त्या वयस्क शिक्षकांनी भाच्याला शेजारी बसून शिकवले. टायरची पकड ही एकाच थैलीतली रक्कम आहे. ब्रेकवर खर्च केली तर वळायला उरत नाही. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावर लावायचा, मग वळायचे, मग हळूहळू वेग द्यायचा. नजर दूर ठेवायची. पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त एका दमात पळवायची नाही, आणि शेवटची फेरी ब्रेक न वापरता, सावकाश, गाडी निवत येईल अशी मारायची. उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तापलेले पॅड तसेच दाबून राहणे बरे नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची. आणि दर डावानंतर चाकांचे नट तपासायचे. या सल्ल्यांत एकही विकत घ्यायची वस्तू नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही गाडी धडधाकट घरी आणली. इंजिनाची ताकद होती तेवढीच होती. पण त्याच लांब रस्त्याच्या शेवटी, त्याच उजव्या वळणाआधी, भाच्याने ब्रेकवर पाय दिला तेव्हा मी दाराची कडी धरली नाही.

श्रोतेहो, आपल्यापैकी फार थोडे अशा मार्गावर जातील, आणि गावच्या रस्त्यावर कोणी हे करू नये. तो रस्ता शाळेत जाणाऱ्या मुलांचा, गुरांचा आणि पायी चालणाऱ्यांचा आहे. पण ज्याच्या दारात वाहन आहे, त्याने उद्या दोन गोष्टी कराव्यात. गॅरेजमध्ये जाऊन ब्रेक-ऑइल किती जुने आहे ते विचारावे. दोन वर्षे झाली असतील तर बदलावे. आणि टायरची हवा सकाळी, गाडी गार असताना मोजावी. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणाऱ्यांनी तर भार वाढवण्याआधी ब्रेकची चौकशी करावी.

शिक्षकमित्रांना माझी एक विनंती आहे. पेरणीत, खतात, मुलांच्या अभ्यासात, कोठेही काही बिघडले की आपण चार उपाय एकदम करतो, आणि गुण आला की चौघांनाही श्रेय देतो. मुलांना एक वही द्या. एका वाफ्यात एकच बदल करायला सांगा, आणि शेजारचा वाफा जसाच्या तसा ठेवायला सांगा. मिलचे नाव त्यांना कळले नाही तरी चालेल.

भाच्याच्या फ्रिजवर अजून ती यादी आहे. वरून पहिली ओळ ब्रेकची. गेल्या महिन्यात त्याने फोनवर सांगितले, “मामा, तेल बदललं. तारीख वहीत लिहिली.” मी म्हटलं, “आता तूच आईला सगळं सांग.” तो म्हणाला, “तुम्ही आधी सांगा.”

म्हणून सांगितले.